समासातलं ‘नाय’

पुस्तक परत देताना ती म्हणाली, “फार गिचमिड करून ठेवली होती हो कोणीतरी. मी सगळं खोडून स्वच्छ करून आणलंय.” आणि मी बावळटासारखी थँक्यू म्हणाले.

आमच्या पनवेलच्या वाचनमंडळात ती नवीन आलेली. एका प्राचीन पाश्चात्त्य तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथाचं जुनं मराठी भाषांतर माझ्याकडे आहे असं कळल्यावर तिने ते महिनाभरासाठी मागून नेलं होतं. पुस्तक माझ्या वडिलांचं. ते मिठागरात कामाला होते. पावसाळ्यात मिठागर बंद, तेव्हा ओटीवर बसून ते हे वाचायचे आणि समासात पेन्सिलीने त्या तत्त्ववेत्त्याशी भांडायचे.

भांडावं असंच होतं ते. हातांनी राबणाऱ्याला सवड नसते, म्हणून विचार करणं हे त्याचं कामच नव्हे, असं हा गृहस्थ लिहून मोकळा होतो. आणि जग त्याला शहाणा म्हणतं! घरात गुलाम पाणी भरत असले की सवडीचं कौतुक कोणीही करील. आजही ते पान वाचलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वडिलांनी त्या ओळीपाशी लिहिलं होतं, “आमी मीठ ओढताना इचारच करतो. याला ठाव नाय.” बाकी पानोपानी एकच शब्द, “नाय.”

ते मिठागर आता न्हावा शेवाच्या कंटेनरांखाली गेलं. वडीलही गेले. त्यांच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि या बाईने ते खोडरबराने झाडून टाकलं. निदान विचारायचं तरी! मळ कुठला आणि मत कुठलं एवढं कळत नसेल, तर तत्त्वज्ञान वाचायचंच कशाला? तिला फोनवर चांगलं झापायचं असं मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलं.

फोन हातात घेतला आणि काय काय गेलं ते नीट सांगता यावं म्हणून पुस्तक उघडलं. समास कोरा नव्हता. तिथे लाल शाईची एक काट होती, काटेखाली काहीच नव्हतं, आणि शेजारी लिहिलेलं होतं, “नाही.” पुढच्या पानावरही तेच. त्याच्या पुढच्याही.

अक्षर माझं. अकरावीत कॉलेजातली एक मैत्रीण हे पुस्तक मागायला येणार होती. वडिलांच्या ‘नाय’ची मला इतकी लाज वाटली, की रात्रीच्या आत एकेक ‘नाय’ लाल शाईने काटून मी शेजारी शुद्ध शब्द लिहून काढला. शाई खोडरबराने जात नाही.

वडिलांनी दुसऱ्या दिवशी पानं चाळली. रागावले नाहीत.

“बरा केलास,” म्हणाले. “आता त्याला समजंल.”

मी फोन खाली ठेवला.