मागच्या सीटवरचा वाटाड्या

क्लाइव्ह पॉथेकरीने मोटार चालवणं सोडलं, तेव्हा नेदरकोट गावात कुणालाच नवल वाटलं नाही. "चार चाकं आळशांसाठी असतात," असं तो म्हणाला आणि लोकांनी मान डोलावली. माणूसच तसा होता. उभी हयात गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करत हिंडला, सुटीचे दिवस सायकलवर काढले आणि निवृत्त झाल्यावर जणू सायकलवरच राहायला गेला. रुंद टायरची, खडबडीत वाटांसाठी केलेली ती सायकल घेऊन एबल नदीच्या खोऱ्यात आणि दोन्ही अंगांच्या खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, टेकड्यांवर तो फिरला नाही अशी वाट उरली नव्हती. दर रविवारी निघणाऱ्या सायकलवाल्यांचे मार्ग तोच आखायचा. कुठल्या उतारावरचा खडू पावसानंतर साबणासारखा होतो, कुठल्या वळणावरच्या गारगोट्या टायर कापतात, सगळं त्याला पाठ.

त्याची बायको ऑड्री शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपी होती. सायकलचं तिला वावडं. "बूड दुखवून घ्यायला डोंगरावर कशाला जायचं?" ती म्हणायची. "घरात लाकडी खुर्ची आहे की."

मे महिन्यातल्या एका रविवारी क्लाइव्ह नेहमीप्रमाणे मंडळींच्या पुढे होता. डोंगरधारेवरच्या जुन्या गुरांच्या वाटेवरून सगळे खाली खोऱ्याकडे सुटले होते. उताराच्या तळाशी शेतकऱ्याने त्याच आठवड्यात नवं फाटक बसवलं होतं. भगभगीत उन्हात, नव्या पांढऱ्या लाकडाचं. मागून त्याचा दोस्त नायजेल ओरडला, "फाटक! क्लाइव्ह, फाटक!" क्लाइव्हने ब्रेकला बोटसुद्धा लावलं नाही. सरळ जाऊन आदळला.

खांद्याचं हाड मोडलं होतं, ते जुळणारं होतं. पण तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. कडेकडेने अंधारत आलेलं. नळीतून पाहावं एवढंच उरलेलं, आणि तेही टिकेल असं नाही.

"हे एका दिवसात होत नाही, मिस्टर पॉथेकरी. तुमच्या लक्षात आलं नाही?"

क्लाइव्हने तोंड दुसरीकडे फिरवलं. शेजारी बसलेल्या ऑड्रीला मात्र एकेक गोष्ट उलगडत गेली. मोटार सोडणं. फुटलेले कप. दाराच्या चौकटीला धडकून "ही चौकटच वाकडी आहे" म्हणणं. आणि गेले कित्येक महिने एकही नवा मार्ग न आखता जुनेच मार्ग फिरणं. तो वाटा बघत नव्हता. आठवत होता.

घरी आल्यावर तिने चहाची किटली ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करूनच विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोनेक वर्षं."

"मला का नाही सांगितलंस?"

"माझ्या बापाचंही असंच झालं होतं. सांगितलं असतं तर तू सायकल काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती! आणि डोळ्यांत थेंब घातले असते, बावळटा! अजून कितीतरी दिवस दिसलं असतं तुला!"

त्या संध्याकाळी तिने भांडी एवढी आदळत घासली की शेजारची पॉलीन कुंपणाशी येऊन उभी राहिली. राग डोळे गेल्याचा नव्हता. हा माणूस रोज रात्री आपल्या शेजारी झोपत होता आणि एवढं मोठं भय एकटाच उशाखाली घेऊन पडत होता, हे तिला सोसेना.

हिवाळाभर क्लाइव्ह खिडकीशी बसून राहिला. रेडिओ लावायचा आणि ऐकायचा नाही. नायजेल यायचा, हवापाण्याचं बोलायचा, वाटांचा विषय टाळायचा आणि जायचा. एके दिवशी जाताना ऑड्रीने त्याला फाटकाशी गाठलं.

"तुझ्या कोठारात ती दोघांची लांब सायकल पडली आहे ना?"

"आहे की. का?"

"धूळ झटकून आण. आणि क्लाइव्हला बोलू नकोस."

मग सुरू झाली ऑड्रीची शाळा. वयाची साठी ओलांडलेली बाई पुढे हँडलवर आणि मागे, क्लाइव्हच्या वजनाची भरपाई म्हणून, पॉलीन. चर्चमागच्या गल्लीत दोघी वेड्यावाकड्या जायच्या. पॉलीन डोळे गच्च मिटून बसायची.

"अगं, पायडल तरी मार!"

"मी प्रार्थना म्हणतेय. तू समोर बघ!"

दोनदा त्या कुंपणात शिरल्या, एकदा पाद्रीबाबांच्या गुलाबात. पण मार्च उजाडेपर्यंत ऑड्रीला तोल सापडला. एका सकाळी तिने सायकल दाराशी लावली आणि क्लाइव्हचा हात धरून मागच्या सीटवर ठेवला. त्याला काय ते कळलं.

"मी मागे बसू? पोत्यासारखा?"

"पोतं गप्प बसतं. तुला जमणार आहे का तेवढं?"

नाही जमलं. गावाची हद्द ओलांडेपर्यंत त्याने सूचनांचा भडिमार लावला. डावीकडे घे. गिअर उतरव. आता गारगोट्या येतील, हँडल घट्ट धरू नको. नवल म्हणजे बहुतेक सगळं बरोबर निघत होतं. टायरखालचा आवाज बदलला की त्याला जागा कळत होती. करकर वाजली की खडी, मऊ घुमलं की गवत, आणि आवाज बंद झाला की ओला खडू.

तो ओला खडू अखेर आलाच. "ब्रेक नको!" क्लाइव्ह ओरडला आणि ऑड्रीने दचकून दोन्ही ब्रेक दाबले. सायकल आडवी झाली, दोघं पिठात लोळल्यासारखी पांढरीफटक होऊन बांधावर पडली.

"सांगितलं होतं मी, दाबू नकोस म्हणून!"

"तू? तू दोन वर्षं तोंडातून चकार शब्द काढला नाहीस आणि आता तुझं तोंड बंद होत नाही!"

दोघं तिथेच बसून राहिली. वर चंडोल गात होता. बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, "काय दिसतंय?"

"चिखल."

"आणि?"

तिने नाक पुसलं आणि समोर पाहिलं. "खाली नदीवर धुकं आहे. नदी नाही दिसत, नुसतं धुकं वळत गेलंय. त्यातून आपल्या चर्चचा मनोरा अर्धाच वर आलाय, पाय नसल्यासारखा. पलीकडच्या टेकडीवर मेंढ्या आहेत. आणि ढगाची सावली चढावरून सरकतेय. आत्ता मेंढ्यांवरून गेली बघ."

"थांब. इथून आपला मनोरा दिसतो?"

"दिसतो म्हणजे काय, समोरच आहे."

क्लाइव्हने तोंड त्या दिशेला वळवलं. मग म्हणाला, "तीस वर्षं या वाटेने येतोय मी. मला माहीत नव्हतं."

ते खरंच होतं. खडबडीत वाटेवर वेगाने जाणारा माणूस चाकापुढची चार हात जमीन बघतो, दुसरं काही नाही. बघेल तर पडेल. क्लाइव्हला या मुलखातली माती न् माती ठाऊक होती आणि त्या मातीवर उभा राहिलेला मुलूख त्याने कधी मान वर करून पाहिलाच नव्हता. आता पाहायला डोळे नव्हते. होती ती पुढे बसलेली, खडूने माखलेली बायको.

त्या दिवसापासून त्यांचं वाटून घेणं ठरलं. जमिनीचं तो सांगायचा, बाकीचं ती. क्लाइव्ह पुन्हा मार्ग आखू लागला, पण आता कुंपणाच्या खिंडारातून जिथे पलीकडचं दिसेल तिथे थांबे यायला लागले. रविवारच्या मंडळींतली तरणी पोरं कुरकुरायची, "ही सायकलस्वारी आहे की सहल?"

"गप उभे राहा," क्लाइव्ह दटावायचा. "ऑड्री सांगेल कुठं बघायचं ते."

आणि ती पोरं बघायची. त्यातली काही नंतर आपणहून थांबायला लागली.

थेंब चालू होते तरी उरलेली नळी बारीक होत गेली. नोव्हेंबरात एका चढावर क्लाइव्हने पायडल मारणं थांबवलं. "ऑड्री, गेलं."

"काय गेलं? साखळी?"

"तुझ्या कोटाचा लाल रंग. आत्तापर्यंत होता."

तिने सायकल थांबवली. खाली उतरली नाही, वळलीही नाही. हात मागे नेला, त्याने तो धरला. वारा भणाणत होता. "बरं झालं, सांगितलंस," ती म्हणाली. थोड्या वेळाने दोघांनी मिळून चढ पुरा केला.

अजूनही ती दोघं जातात. परवा पाणवनस्पतींची पांढरी फुलं नदीवर पसरली होती तेव्हा नदी सायकलवरून ओलांडता येते त्या उथळ जागी थांबली होती. ऑड्री नेहमीसारखी सांगत होती, फुलं, बगळा, गायी. मधेच तिचा शब्द तुटला. पाण्यावरून एक खंड्या निळ्या ठिणगीसारखा गेला होता, आणि तो जाऊनही ती त्या जागेकडे बघत राहिली होती.

"काय होतं?" मागून क्लाइव्हने विचारलं.

ऑड्रीने तोंड उघडलं, आणि मिटलं. "काही नाही."

क्लाइव्ह हसला. "असू दे. एखादं ठेव तुझ्याजवळ."

मग त्याने पाय पायडलवर ठेवला आणि पलीकडच्या काठाची खडी आता पावसाने मोकळी झाली असेल, जरा उजवीकडून घे, असं सांगितलं.