राणी रंगाचे चेंडू

प्रभाकर मास्तरांच्या लेखी खेळ म्हणजे पांढरा रंग. मैदानावरची चुन्याची रेघ पांढरी, गंजीफ्रॉक पांढरा, हाफ पँट पांढरी, आणि कॅनव्हासचे बूट तर इतके पांढरे, की शनिवारी संध्याकाळी ते खिडकीत वाळत ठेवले की शेजारची मांजर दुरूनच वळसा घालून जायची. मास्तर मूळचे दापोलीकडचे. सिल्वासाच्या शाळेत पी.टी. शिकवायला म्हणून आले आणि तिथेच रुजले. खो-खो, कबड्डी, लेझीम आणि कवायत यांत त्यांचा शब्द अखेरचा असे. जगातल्या बाकी सगळ्या विषयांत तो पहिला असे.

ब्याण्णव सालची गोष्ट. सिल्वासाच्या आजूबाजूला कारखाने असे उगवत होते, की सुट्टीत गावी गेलेला माणूस परत आला तर त्याला आपल्याच घराचा रस्ता विचारावा लागे. खेरडीच्या रस्त्यावरच्या एका सुताच्या कारखान्याचे मॅनेजर होते भास्करराव. ते यंत्रं बघायला जपानला गेले आणि गोल्फ बघून आले. आल्याआल्या त्यांनी कारखान्यामागचा माळ साफ केला, जमिनीत डालड्याचे रिकामे डबे पुरून भोकं तयार केली आणि आसपासच्या कारखान्यांतले दहा-बारा साहेब जमवून क्लब काढला. हे साहेब फक्त रविवारी खेळायचे. सगळ्यांची पोटं सुखवस्तू होती. त्यामुळे चेंडूकडे बघायचं तर वाकावं लागे आणि वाकलं की काठी फिरेना. घरात शिरलेल्या सापाला हुसकावताना माणूस जशी काठी मारतो, तशी ते मारत. फरक इतकाच, की साप एव्हाना पळून गेलेला असतो आणि चेंडू तिथेच असतो.

"मास्तर, तुम्हाला गोल्फमधलं काही कळतं का हो?" भास्कररावांनी एकदा विचारलं. "मुंबईहून चांगले चेंडू आणायचेत."

खरं उत्तर दोन अक्षरी होतं. मास्तरांनी ते दिलं नाही. "चेंडूचाच खेळ ना, साहेब?" ते म्हणाले. "मग काळजी सोडा."

मुंबईत धोबी तलावाजवळच्या एका खेळसामानाच्या दुकानात एक म्हातारे पारशी शेठ बसले होते. मास्तरांनी आपली ओळख सांगून साहेबांसाठी चेंडू मागितले तसे त्यांनी दोन खोकी पुढे केली. एकात पांढरेशुभ्र चेंडू होते, दुसऱ्यात पिवळे, नारिंगी आणि गुलाबी.

"तुमचे साहेब लोक रोज खेळते का संडेला?" शेठनी विचारलं.

"खेळ म्हटलं की खेळ," मास्तर मोघम बोलले.

"तसा नाय, मास्तर. हात जोरात फिरते का हळू? हळू फिरते तर हा रंगीत घ्या. आतून मऊ हाय. कडक बॉल हळू मारला तर झटका हाताला बसते. आणि रंग असला तर घासमंदी दिसते. हौशी माणसाला हाच बेस्ट."

हौशी हा शब्द मास्तरांना झोंबला. आपले साहेब, गाडीतून फिरणारे, जपान बघितलेले, आणि त्यांना हा हौशी म्हणतो? त्यांनी रंगीत चेंडू उचलून अंगठ्याने दाबला. मग पांढरा दाबला. शाळेत लेदरचा बॉल ते असाच पारखायचे. दाबला जाईल तो पोरांचा, न दाबला जाईल तो खरा. इथे दोन्ही सारखेच टणक लागले, पण तोंडावर तसं दाखवलं नाही.

"दाबून काय नाय कळत, मास्तर," शेठ म्हणाले. "मारल्यावर हाताला कळते."

"आमचे खेळाडू पक्के आहेत," मास्तर म्हणाले. "पांढरे द्या. त्यातले सगळ्यात कडक असतील ते."

शेठनी मास्तरांच्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि पांढरे चेंडू बांधून दिले.

पहिल्याच रविवारी साहेब लोकांच्या हातांना इतक्या झिणझिण्या आल्या, की दुपारी त्यांच्याच्याने जेवताना भात कालवेना. "सवयीने जाईल, साहेब," असं मास्तर प्रत्येकाला सांगत फिरले. पण दुसरं संकट सवयीने जाणारं नव्हतं. चेंडू नाहीसे होऊ लागले.

माळाच्या कडेला मोहाची जुनी झाडं होती. कारखाना काल आला, झाडं पणज्यांच्या वेळची. कुठलं झाड कुठल्या घराचं हे पाड्यावर पिढ्यान् पिढ्या ठरलेलं होतं, आणि त्यासाठी कधी कुणाला कागद लागला नव्हता. मार्चमध्ये मोह फुलतो. द्राक्षाएवढी टपोरी, पिवळसर पांढरी फुलं रात्रभर टपटपत राहतात आणि सकाळी झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो. तो वेचायला बाया पहाटेच टोपल्या घेऊन येत. ही फुलं वाळवून ठेवली की बाजारात विकता येत आणि पावसाळ्यात भूकही भागे. सगळ्यात मोठं झाड होतं बायडाबाईचं. ही बायडाबाई मास्तरांच्या घरी उन्हाळ्यात करवंदं घालायची, आणि मास्तरांच्या बायकोला, मंगलाबाईंना, खोकला झाला की न मागता अडुळसा आणून द्यायची.

साहेबांचा प्रत्येक वाकडा फटका नेमका या झाडांकडे जायचा. फुलांत चेंडू दिसायचा नाही. थोडा वेळ इकडेतिकडे काठ्या ढोसल्या, की साहेबांना ऊन लागायचं आणि मंडळी चहाला निघून जायची.

"मास्तर," तिसऱ्या रविवारी भास्करराव म्हणाले, "चेंडू चांगले आणलेत ना? का पाय फुटलेले आणलेत?"

सगळे हसले. मास्तरांचे कान तापले. चेंडू त्यांनी निवडलेले, म्हणजे दोष चेंडूंचा असणं शक्यच नव्हतं. त्यांची नजर मोहाखाली गेली. बायडाबाई उकिडवी बसून फुलं वेचत होती. शेजारी टोपली होती, काठोकाठ भरलेली.

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि कबड्डीत रेडरने रेषा ओलांडल्यावर वाजवावी तशी जोरात वाजवली. बायडाबाई दचकून उभी राहिली.

"टोपलीत काय आहे?" मास्तर म्हणाले.

"फुलां हायेत, मास्तर. दुसरं काय असंल?"

"पालथी कर."

बायडाबाईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या साहेबांकडे. ती हलली नाही. तेव्हा मास्तरांनी स्वतःच पुढे होऊन टोपली उलटी केली. फुलं घरंगळत धुळीत पसरली. नुसती फुलं. मास्तरांनी पायाने ढीग विस्कटला, आणि बुटाच्या पांढऱ्या टोकाला मोहाचा चिकट रस लागला.

"लपवले असतील दुसरीकडे," एक साहेब म्हणाले. मंडळी चहाला गेली. मास्तरही गेले. मागे वळून पाहिलं तेव्हा बायडाबाई एकेक फूल उचलून, फुंकर मारून पुन्हा टोपलीत टाकत होती.

घरी आल्यावर लक्षात आलं, की शिट्टी कुठेतरी पडली. अकराच्या सुमाराला मास्तर सायकलवरून परत माळावर गेले. ऊन रणरणत होतं, बाया घरी गेल्या होत्या, आणि मोहाखालची जमीन स्वच्छ झाली होती. एक फूल शिल्लक नव्हतं. शिल्लक होते ते चेंडू. कुठे मुळाच्या बेचक्यात, कुठे सपाट जमिनीवर, सगळेच्या सगळे उघड्यावर, पांढरेशुभ्र. या रविवारचे, मागच्या रविवारचे, त्याच्याही मागचे. बायांनी त्यांच्या भोवतीची फुलं वेचली होती आणि चेंडूला बोटसुद्धा लावलं नव्हतं. साहेब लोक ऊन चढायच्या आत चहाला पळत, म्हणून ही साफ झालेली जमीन त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पुढच्या रविवारी पुन्हा सडा पडलेला असे, आणि जुने चेंडू त्यातच निवांत पहुडलेले असत.

शिट्टीही तिथेच होती, एका दगडावर, कुणीतरी नीट ठेवलेली.

मास्तरांनी चेंडू खिशात भरले. हाफ पँटचे खिसे असे फुगले, की सायकलवर मांडी उचलवेना. रस्ताभर लोक बघत होते. एरवी मास्तरांना लोकांनी बघितलेलं आवडे.

मंगलाबाईंनी चेंडू पाहिले आणि सगळं ऐकून घेतलं. "अहो, बायडाबाईची टोपली?" एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी त्यांना खोकल्याची उबळ आली. घरात अडुळसा होता, बायडाबाईनेच आणलेला. त्यांनी तो घेतला नाही. मास्तर रात्रभर तो खोकला ऐकत पडले.

गोष्ट इथेच दडपता आली असती, आणि मास्तरांनी तसा विचार केलाही. चेंडू विहिरीत टाकावेत असंही एकदा मनात आलं. पण मंगळवारी निरोप आला, की चोऱ्या होतात म्हणून क्लब माळाला तारेचं कुंपण घालणार, आणि येत्या रविवारपासून बायांना आत यायची बंदी. मोह अजून निम्माही ओघळला नव्हता. मास्तर दोन दिवस वर्गाची कवायत घेताना 'दाहिने मुड' म्हणून स्वतः डावीकडे वळत होते.

शेवटी शुक्रवारी चेंडू पिशवीत घालून ते भास्कररावांच्या केबिनमध्ये गेले. तिथे आणखी दोन-तीन साहेब बसले होते. मास्तरांनी पिशवी टेबलावर ठेवली.

"साहेब, चोरी झाली नाही. चेंडू तिथेच होते. फुलांत पांढरे चेंडू दिसत नाहीत. दुकानदार रंगीत घ्या म्हणत होता, मऊ घ्या म्हणत होता. मी ऐकलं नाही. मला गोल्फमधलं काही कळत नाही. कुंपण घालू नका."

मास्तर आता बोलणी खायला तयार होऊन सावधान स्थितीत उभे राहिले. भास्कररावांनी एक चेंडू उचलला, बघितला आणि गदगदा हसायला लागले. बाकीचेही हसले. "म्हणजे त्या बाईची टोपली फुकटच उपडी केलीत की, मास्तर," एक साहेब डोळे पुसत म्हणाले. "काय शिट्टी मारलीत पण." मग चहा आला. कुंपण रद्द झालं. नवे चेंडू आणायचं कामही मास्तरांनाच मिळालं. कुणी त्यांना एक कडक शब्द बोललं नाही. शिक्षा झाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. इथे तर गंमत झाली होती.

पुढच्या खेपेला मुंबईला जाताना त्यांच्या रुमालात मोहाची फुलं होती, वाळलेलं गवत होतं आणि पळसाच्या पाकळ्या होत्या. पारशी शेठच्या काउंटरवर त्यांनी तो रुमाल पसरला.

"हा काय, पूजाचा सामान?" शेठ म्हणाले.

"खेळाडू हौशी आहेत," मास्तर खाली बघून म्हणाले. "हळू मारतात. वाकडंही मारतात. मऊ चेंडू द्या."

मग त्यांनी एकेक रंग पारखला. नारिंगी चेंडू पळसाच्या पाकळीशेजारी ठेवला तर पाकळीतच जमा झाला. पिवळा गवतात हरवला. राणी रंगाचा गुलाबी मात्र कशाशीच जुळेना. फुलांवर ठेवा, गवतावर ठेवा, पाकळीवर ठेवा, तो आपला डोळ्यांत भरायचा. पांढऱ्या बुटांचा माणूस राणी रंगाचे चेंडू बांधून घेऊन निघाला तेव्हा शेठ दारापर्यंत आले. "आता बरोबर निवडला," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी साहेबांनी आधी नाकं मुरडली. "हे काय बारशाचे पेढे?" असं विचारून झालं. पण हाताला झिणझिण्या आल्या नाहीत, चेंडू दोन पावलं जास्त गेला आणि मोहाखाली पडला तरी दुरून दिसला, तशी कुरकुर थांबली.

त्याच सकाळी मास्तर बायडाबाईच्या झाडाखाली गेले. वाटेत त्यांनी मनात बरंच काही जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते इतकंच, "चेंडू सापडले, बायडाबाई."

"ठावं हाय," फुलं वेचता वेचता ती म्हणाली. "तिथंच व्हते. रोज तिथंच व्हते."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुमी मला इचारलं कवा, मास्तर? तुमी टोपलीला इचारलंत."

मास्तर उकिडवे बसले आणि फुलं वेचून टोपलीत टाकू लागले. बायडाबाईने नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. तेवढ्यात भास्कररावांचा एक चेंडू भलताच तिरका येऊन तिच्या पायाजवळ थांबला. तिने चटकन दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मास्तर, तुमचा चेंडू," ती मोठ्याने म्हणाली, साहेबांना ऐकू जाईल अशी.

"तूच फेक ना इकडे. टाक."

"नाय बाय. मी नाय हात लावायची."

मास्तर उठले, चार पावलं गेले, वाकले आणि चेंडू उचलला. मग तिने हात पुढे आणले आणि पुन्हा फुलं वेचायला घेतली.

पुढे क्लब चांगला चालला. मास्तर निवृत्त होईपर्यंत चेंडू तेच आणत, आणि राणी रंगाचेच आणत. बायडाबाई करवंदं घालत राहिली, मंगलाबाईंचा अडुळसाही पुन्हा सुरू झाला. मास्तरांशी ती चार शब्द हसून बोलायचीही. पण दर मार्चमध्ये, दर रविवारी, गुलाबी चेंडू मोहाखाली जाई. तो इतका लख्ख दिसे, की तिच्या नजरेतून कधी सुटत नसे. मग हाक येई, "मास्तर, तुमचा चेंडू." मास्तर माळभर चालत जात. ती हात पाठीमागे बांधून उभी असे, शाळेत 'विश्राम' म्हटल्यावर मुलं उभी राहतात तशी, आणि मास्तर वाकून चेंडू उचलेपर्यंत हात सोडत नसे.