हवालदार आणि हलतं चित्र

हवालदार टीव्ही दुरुस्त करताना त्याच्या पाठीमागं बसत आणि समोर मला आरसा घेऊन उभं करत. हात मागच्या व्हॉल्व्हमध्ये, नजर आरशातल्या चित्रावर. आरसा जरा कलला की म्हणत, "वैनी, ड्यूटीवर हाय न्हवं? मग हलायचं न्हाई." फौजेत सिग्नलला, बिनतारी यंत्रांवर, वीस वर्षं काढून ते आमच्या गावी, खंडाळ्याला परतले होते. एक डोळा लढाईत गेलेला. उरलेल्या एका डोळ्यावर ते आसपासच्या गावांतले रेडिओ आणि पुढं आलेले दोन-चार टीव्ही सांभाळत.

गावातला पहिला टीव्ही आमच्या घरी आला, किराणा दुकानाच्या मागच्या सोप्यात. रविवारी सिनेमाला सोपा भरून माणसं ओट्यावर बसायची. पुण्याकडून येणारं चित्र आमच्यापर्यंत जेमतेम पोचे. ते वर पळायला लागलं की हवालदार कौलांवर चढून अँटेनाचा बांबू फिरवत आणि वरून विचारत, आलं का? काचेवर नुसत्या मुंग्या असल्या तरी खालून सगळे "आलं, हवालदार" म्हणत. एवढ्या वयात आपल्यासाठी कौलांवर चढलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ते उतरून बघत, आम्हाला लबाड ठरवत आणि पुन्हा चढत. त्यांना राग यायचा नाही. आम्हालाही ती सवयच लागून गेली.

मग एका उन्हाळ्यात ते म्हणाले, तुमच्या सेटात बिघाड हाय. डाव्या कोपऱ्यात ठिणग्या उडतायत आणि चित्र पाण्यात बघितल्यागत हलतंय. मी बघितलं तर चित्र कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं. बातम्या देणाऱ्या बाईंच्या कानातल्या कुड्यांचे मोतीसुद्धा मोजून घ्यावेत. पण हवालदारांनी विचारलं, "हलतंय का?" आणि मी म्हटलं, हो, थोडं हलतंय. आमच्या ह्यांनीही मान डोलावली. त्यांना चूक दाखवायची म्हणजे अपमान, असं आमचं शहाणपण.

पुढं महिना-दीड महिना ते येत राहिले. व्हॉल्व्ह बदलले, तारा नव्यानं जोडल्या, व्होल्टेजला दोष दिला. शेजारच्या गावातल्या सेटातही तोच बिघाड त्यांना दिसला, आणि तिथल्या लोकांनीही हो म्हटलं. हवालदार खंगत चालले. एकदा पेचकस हातातून सुटला तर तो उचलायचं सोडून हाताकडंच बघत बसले. आता आपल्याला काम येईना झालं, असं कुणाशी तरी बोलल्याचं कानावर आलं. मला वाईट वाटलं, म्हणून मी पुढच्या खेपेला आणखी ठासून सांगितलं की दोष सेटचाच आहे.

त्या दिवशी त्यांनी टीव्ही बंद केला. बराच वेळ समोरच्या भिंतीकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले,

"वैनी, त्ये कॅलिंडरबी हलतंय का?"

मी दुकानातून ह्यांना बोलावून आणलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही त्यांना माझ्या माहेरी, सांगलीला नेलं. भाऊ डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, असं कधीपासून दिसतंय? डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. ठिणग्या दिसल्या त्याच आठवड्यात आणलं असतं तर काही करता आलं असतं, म्हणाले. आता काही नाही.

परतीच्या एसटीत कराड मागं पडल्यावर त्यांनी विचारलं,

"चित्र कवाच हललं न्हवतं, व्हय?"

"नाही, हवालदार."

"मग सांगायचं व्हतं की."

एवढंच. आवाजात राग असता तर मी पाया पडले असते. राग नव्हता.

दिवाळीपर्यंत उरलीसुरली नजर गेली. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. रस्त्यात भेटले की आवाजावरून ओळखत, मुलांची चौकशी करत. पण पुढं खड्डा आहे, डावीकडून या, असं कुणी सांगितलं तर थांबत आणि स्वतःच्या काठीनं चाचपून बघत. मी सांगितलं तरीही आधी काठीच टेकवत.