सोळा खिडक्यांचा पूल

१९९१ च्या जुलैत मी कुवेतला परत गेले तेव्हा भरदुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागत. तेलविहिरी अजून जळत होत्या. वारा आमच्या बाजूचा असला की फिंतासच्या घरात गॅलरीत वाळत घातलेले कपडे धुण्याआधीपेक्षा काळे होऊन आत यायचे. आदल्या वर्षीच्या ऑगस्टात इराकी सैन्य घुसलं तेव्हा आम्ही दोघं आणि आमची मुलगी, बसने बगदाद, तिथून अम्मान आणि मग विमानाने मुंबई, असे सुटलो होतो. आता मुलगी सांगलीला माझ्या आईपाशी होती. नवरा मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत टेक्निशियन, त्याला दुरुस्तीच्या कामासाठी महिनाभर आधीच बोलावून घेतलं होतं. माझ्याही हॉस्पिटलातून बोलावणं आलं. मी तिथे फिजिओथेरपिस्ट होते.

विभागाचं दार उघडलं तर आत भिंतीवरचा एक मोठा आरसा आणि कोपऱ्यात व्यायामासाठी पायाला बांधायच्या वाळूच्या चार पिशव्या. बाकी सगळं इराकी ताब्याच्या सात महिन्यांत लुटलं गेलेलं. खाटा नाहीत, सायकल नाही, रुग्णांना धरून चालायला शिकवायचे दोन समांतर दांडेसुद्धा कुणीतरी जमिनीतून उखडून नेले होते. फरशीवर फक्त त्यांची भोकं होती.

दांड्यांशिवाय मी कुणाला उभं कसं करणार? हॉस्पिटलच्या दुरुस्तीला मालवणकडचा एक सुतार होता. जलीबला एका खोलीत सात जणांबरोबर राहायचा, आणि मी मराठी आहे हे कळल्यापासून रोज एकदा डोकावून जायचा. त्याला मी दांड्यांचं चित्र काढून दाखवलं. दोन दिवसांनी तो बांधकामाच्या परांचीचे दोन लांब पाइप घेऊन आला, त्यांना लाकडाचे पाय ठोकले, टोकं घासून गुळगुळीत केली. मी जरा साशंकपणे हलवून पाहत होते, तेव्हा तो म्हणाला, "वैनी, हत्ती टेकलो तरी ह्यो पायप वाकूचो नाय."

त्या दांड्यांपाशी आणायची माझी पहिली रुग्ण होती एक इतिहासाची शिक्षिका.

वॉर्डात सगळे तिला अबला म्हणत. नर्सा, सफाईवाले, तिला भेटायला येणाऱ्या मुली, सगळे. पहिल्या दिवशी मला ते खटकलं. पलंगावर पडून असलेल्या बाईला तोंडावर अबला म्हणायचं म्हणजे काय? मग कळलं, कुवेतमध्ये शाळेतल्या बाईंना अबला म्हणतात. आपल्याकडे मुली 'बाई' म्हणतात तसं. मी तिला आमच्या भाषेतला अर्थ सांगितला तेव्हा ती छताकडे पाहत म्हणाली की तुमची भाषा खरं बोलते.

वय छप्पन्न. युद्धाच्या शेवटच्या महिन्यात वीज गेलेल्या घरात जिन्यावरून पडली आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन व्हायला काही आठवडे गेले. धातूची पट्टी बसवली, हाडही जुळलं, पण तोवर पायाचे स्नायू वाळून गेले होते आणि गुडघा लाकडासारखा झाला होता. दुखण्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे तिला उठायचंच नव्हतं. मी पाय उचलायला सांगायचे, ती मान वळवून खिडकीकडे पाहायची. बाहेर काळं आभाळ. कुठे जायचंय चालून, असं तिने मला दोनदा विचारलं.

हाडांचे मोठे डॉक्टर सरळ माणूस होते. कठोर नव्हते, पण त्यांच्याकडे खाटा कमी आणि रुग्ण फार. त्यांनी व्हीलचेअरचा फॉर्म भरून माझ्या पुढ्यात ठेवला, फक्त माझी सही बाकी. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नव्हता. त्या दिवशी मात्र म्हटलं की हाड जुळलंय, माणूस शहाणं आहे, मला सहा आठवडे द्या. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि फॉर्म परत उचलला. शेवटी सहा आठवडे मिळाले.

पहिला आठवडा वाया गेला. दुसऱ्या आठवड्यात माझ्या तक्त्यावर तिचा पत्ता भरायचा राहिला होता म्हणून विचारला. ती म्हणाली, कुर्तुबा. कुवेतमधल्या या वस्तीचं नाव मी बसच्या पाट्यांवर कितीदा वाचलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी या नावाचा अर्थ विचारला.

ती उशीवरून मान उचलून माझ्याकडे पाहायला लागली. वर्गात एखाद्या मुलीने फारच अडाणी प्रश्न विचारावा तशी. मग ती बोलायला लागली, अर्धं इंग्रजीत, अर्धं अरबीत. कुर्तुबा म्हणजे स्पेनमधलं कॉर्दोबा. एके काळी तिथे अरबांचं राज्य होतं, रस्त्यांवर दिवे होते, वाचनालयं होती. तिथल्या नदीचं स्पॅनिश नावही मूळचं अरबीच, वादी अल कबीर, मोठी नदी. ऐन तिशीत ती तिथे दोन महिने अभ्यासाला राहिली होती. रोज सकाळी खोलीवरून निघून नदीपलीकडे चालत जायची.

"रस्ता आठवतो?" मी विचारलं.

"डोळे मिटून जाईन," ती म्हणाली.

मी तक्ता उलटा करून पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने रस्ता काढला. जुन्या यहुदी गल्लीतली तिची खोली. तिथून खाली उतरताना एक छोटं प्रार्थनाघर. मग पांढऱ्या भिंतींवर फुलांच्या कुंड्या टांगलेली अरुंद गल्ली. पुढे ती मोठी मशीद, जिच्या पोटात नंतर चर्च बांधलं, आणि तिच्या अंगणात संत्र्यांची झाडं. अंगणातून बाहेर पडून पुलाची वेस, आणि मग रोमन लोकांनी पाया घातलेला दगडी पूल. पुलाच्या मधोमध एका देवदूताचा पुतळा, पलीकडच्या टोकाला किल्ल्यासारखा बुरूज. हे सगळं सांगताना ती कोपरावर उठून बसली होती, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुलाला कमानी किती, असं मी विचारलं. सोळा, ती म्हणाली.

नव्या इमारतीतून जुन्या इमारतीत जाणारा आमच्या हॉस्पिटलचा लांब कॉरिडॉर मी रोज तुडवत होते. त्याला एका बाजूने ओळीने खिडक्या होत्या. मी तशीच उठले आणि जाऊन मोजल्या. सतरा होत्या. शेवटची पत्र्याने बंद केलेली होती, ती मी मोजली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला नकाशा दाखवला. तिची खाट म्हणजे यहुदी गल्लीतली खोली. चादरींचं कपाट असलेली खोली म्हणजे प्रार्थनाघर. नर्सांचं टेबल म्हणजे कुंड्यांची गल्ली. माझा विभाग म्हणजे संत्र्यांचं अंगण. आणि कॉरिडॉर म्हणजे पूल. तिने कागद नीट पाहिला आणि पहिल्यांदा चूक काढली. म्हणाली, अंगणात जायला उजवीकडे वळायचं, तू डावीकडे दाखवलंयस. मी म्हटलं, हॉस्पिटल असं बांधलंय त्याला मी काय करू?

त्या दिवशी ती सुताराच्या दांड्यांमध्ये उभी राहिली. अकरा सेकंद. आरशात तिचा चेहरा घामाने चमकत होता. खाली बसल्यावर म्हणाली, "उद्या संत्र्याच्या दुसऱ्या झाडापर्यंत."

तिसरा आठवडा दांड्यांमध्ये गेला. चौथ्यात शेजारच्या हॉस्पिटलातून एक वॉकर उसना मिळाला आणि आम्ही पुलावर पाऊल टाकलं. पहिल्या दिवशी दोन कमानी. चौथ्या दिवशी पाच. सहाव्या कमानीशी गुडघा असा दुखला की ती भिंतीला टेकून रडली आणि माझ्यावर ओरडली की मी तिला उगाच लहान मुलीसारखी खेळवतेय. मी वॉकर धरून ठेवला. माझंही मन खचलं होतं, खोटं का सांगू. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तर ती चप्पल घालून खाटेच्या कडेला बसली होती. फक्त विचारलं, आज उशीर का.

आठव्या आणि नवव्या खिडकीच्या मध्ये एक रिकामा ऑक्सिजन सिलिंडर कित्येक दिवस उभा होता. तो आमचा देवदूत. तिथे पहिल्यांदा पोचली तेव्हा तिने त्याच्यावर हात ठेवून दम घेतला आणि म्हणाली की कॉर्दोबातल्या पुतळ्यापेक्षा हा निदान कामाचा तरी आहे. तोवर कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना प्रकार कळला होता. सफाईवाले फरशी ओली ठेवेनात. केरळची एक नर्स जाता जाता विचारायची, आज कितवी कमान? सुतार तर रोज दुपारच्या सुट्टीत जुन्या इमारतीकडच्या टोकाला उभा राहायचा. त्याला कॉर्दोबा कुठे आहे हे माहीत नव्हतं, पण पूल पुरा झाला पाहिजे एवढं त्याने मनावर घेतलं होतं. त्याने तिला एक काठी करून दिली, मुठीला वळण असलेली, खाली सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेली. पाचव्या आठवड्यात आम्ही वॉकर परत करून टाकला.

सहाव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांना मी सोळाव्या खिडकीशी यायला सांगितलं. ते आले, हातात तोच फॉर्म. शेजारी व्हीलचेअर आणून ठेवलेली होती, नियमाप्रमाणे. अबला तिच्या खाटेपासून निघाली. चादरींची खोली, नर्सांचं टेबल, माझा विभाग. मी तिच्या डाव्या बाजूला अर्धं पाऊल मागे होते, हात तयार ठेवून, पण लावला नाही. पुलावर आल्यावर ती कमानी अरबीत मोजायला लागली. आधी पुटपुटत, मग मोठ्याने. देवदूताशी थांबली नाही. बाराव्या खिडकीशी पाय किंचित ओढला गेला, पण काठी पुढे पडली आणि पाऊल तिच्या मागे आलं. तेराव्यापासून दोन्ही भिंतींना लागून माणसं उभी होती.

सोळाव्या खिडकीशी ती थांबली. डॉक्टरांनी व्हीलचेअर पुढे सरकवली. आता बसा, पुरे झालं, असं ते हसून म्हणाले. त्यांच्या आवाजात मनापासून कौतुक होतं.

अबलाने खुर्चीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"माझी खोली नदीच्या पलीकडे आहे," ती म्हणाली, आणि काठी टेकत मागे वळली.

ती सगळा पूल परत चालत गेली. मागे टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तिने वळून पाहिलं नाही, मी पाहिलं. सुतार डोक्याचा रुमाल काढून हवेत फिरवत होता. डॉक्टरांनी नंतर फॉर्म चार घड्या करून माझ्या हातात दिला आणि विचारलं की अशा आणखी किती जणांना तू उभं करू शकशील? मी वॉर्डातल्या खाटा आठवून सांगितलं, निदान नऊ. दुसऱ्या सोमवारपासून त्या कॉरिडॉरमध्ये सकाळी इतकी गर्दी व्हायला लागली की औषधांच्या गाड्या दुसऱ्या वाटेने न्याव्या लागल्या.

अबला घरी गेली. ऑक्टोबरात तिने शाळेत शिकवणं पुन्हा सुरू केलं आणि मला एक दिवस वर्गात येऊन बसायला लावलं. मी मुलींच्या मागे शेवटच्या बाकावर बसले. ती आत आली तशा सगळ्या उठल्या. तिने त्यांना बसायला सांगितलं. टेबलामागे खुर्ची होती, ती तिने एका हाताने बाजूला ढकलली आणि फळ्यावर नदी काढायला सुरुवात केली. बिंती, म्हणजे माझी मुलगी, अशी ती प्रत्येकीला हाक मारत होती, त्यात मधून मधून मलाही. काठी फळ्याच्या कोपऱ्यात उभी केलेली होती. आमच्या कामात हे पक्कं माहीत असतं की मोडलेल्या पायाला चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं जड जातं. म्हणून मी घड्याळ लावलं. घंटा होईपर्यंत पस्तीस मिनिटं ती उभी होती, आणि एकदाही टेबलाला टेकली नाही.