सात एप्रिलची पेरणी

अमरावतीत बियाणं विकणाऱ्या एका सहकारी संघाच्या कचेरीत महेजबीन संगणक चालक होती. नोकरी कराराची, अकरा-अकरा महिन्यांची. घर अकोल्याचं, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातलं. वडील हुसेनभाई गाद्या-रजया भरून द्यायचे. अमरावतीत ती मावशीच्या, सईदाखालाच्या दोन खोल्यांत राहायची आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने मूर्तिजापूरवरून घरी जायची. सत्ताविशी उलटली होती. घरात लग्नाचं बोलणं निघालं की ती म्हणायची, आधी नोकरी पक्की होऊ द्या.

वऱ्हाडातली ती वर्षं वाईट होती. सकाळी पेपर आला की माणसं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं पहिलं पान उलटून आधी मागचं क्रिकेट वाचायची. त्या वर्षी पाऊसही उशिरा आला. जून कोरडा गेला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी एकदमच पेरलं. आठ दिवसांनी संघाच्या दारात रांग लागली. सोयाबीन उगवलं नव्हतं.

संघाचा नियम साधा होता. पेरणीपासून तीस दिवसांच्या आत तक्रार आली, तर तपासणी होऊन बदली पिशवी मिळायची. तीस दिवस उलटले, तर तक्रार नामंजूर. अर्ज कागदावर यायचा, महेजबीन तो संगणकाच्या फॉर्ममध्ये भरायची. नाव, गाव, पिशवीचा क्रमांक, पेरणीची तारीख. तक्रारीची तारीख संगणक स्वतःच टाकायचा, दिवसही तोच मोजायचा, आणि मंजूर-नामंजूरचं पत्र छापून बाहेर यायचं.

हा प्रोग्रॅम अकोल्याच्या जिब्रान सरांनी केलेला होता. महेजबीन त्यांचीच विद्यार्थिनी. जुन्या शहरात एका दुकानावरच्या खोलीत सरांचा संगणकाचा क्लास होता, आणि ही नोकरीही सरांच्याच शब्दाने लागलेली. जूनमध्ये फॉर्म अडायला लागला होता. पेरणीची तारीख रिकामी राहिली की पडद्यावर चूक दाखवणारी चौकट यायची आणि पुढे काहीच हलायचं नाही. महेजबीनने सरांना चार-पाच वेळा फोन केले. शेवटी सर स्वतः आले, तारीख साठवण्याचा भाग त्यांनी नव्याने लिहिला, आणि चौकट बंद झाली. तेव्हापासून फॉर्म लोण्यासारखा चालत होता.

जुलैच्या पंधरा तारखेला तिवशाकडची एक बाई काउंटरवर आली. पन्नाशीची, नाव सुंदराबाई. हातात नामंजुरीचं पत्र होतं. असली पत्रं घेऊन भांडायला येणाऱ्यांची महेजबीनला सवय झाली होती. संगणकाने मोजलंय, माझ्या हातात काही नाही, हे वाक्य ती दिवसातून वीसदा म्हणायची. सुंदराबाई मात्र भांडली नाही. तिने पत्र काचेखालून आत सरकवलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"मले वाचता येत नाही. पन सून वाचते. ते म्हनते, इथं लेयलं हाय का मी सत्त्याण्णव दिसानं तक्रार देल्ली. सत्त्याण्णव दिस मांगं म्हंजे एप्रिल होते, बाई. एप्रिलात कोनी पेरते का?"

महेजबीनने अर्ज काढला. अर्जावर पेरणी चार जुलैची होती. तारीख नक्की आहे का, असं तिने विचारलं.

"त्याच दिशी मायी सून बाळंत झाली," सुंदराबाई म्हणाली. "तारीक कशी चुकीन?"

महेजबीनने पडद्यावर तिची नोंद उघडली. पेरणी : सात एप्रिल. आपणच उलटं टाइप केलं, हे तिच्या मनात पहिलं आलं. चूक दुरुस्त करते, म्हणून तिने सुंदराबाईच्या डोळ्यांसमोर चार, सात, साल असं पुन्हा टाकलं. पडद्यावर नीट चार जुलै दिसलं. तिने 'साठवा'चं बटण दाबलं, नोंद बंद केली, पुन्हा उघडली. सात एप्रिल.

सुंदराबाईला तिने दोन दिवसांनी यायला सांगितलं. मग जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती एकेक तारीख टाकून पाहत बसली. एकवीस जून टाकला, तर एकवीस जूनच राहिला. तीस जूनही नीट. एक जुलै टाकला, तर सात जानेवारी झाला. तीन जुलैचा सात मार्च. आठ जुलैचा तर सात ऑगस्ट, म्हणजे अजून न आलेला दिवस. अशा पुढच्या तारखांचे अर्ज मात्र बिनबोभाट मंजूर होत होते, कारण उणे दिवस तीसपेक्षा कमीच. बारा तारखेपर्यंत दिवस आणि महिना जागा बदलत होते, तेरापासून सगळं सरळ. एक ते सहा जुलैला पेरलेल्या सगळ्यांना नामंजुरीचं पत्र गेलेलं होतं. अशी पत्रं एकसष्ट निघाली. प्रत्येक नोंदीच्या कोपऱ्यात भरणाऱ्याचं आद्याक्षर होतं, आणि ते तिचं होतं.

ती संघाच्या सचिवांकडे गेली. महादेवराव साठीला टेकलेले, आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि आधी नव्या नोंदी तरी बरोबर करून घ्या म्हणाले. गेलेल्या पत्रांचं नंतर पाहू. संचालकांनी नामंजूर अर्जांची यादी सहीनिशी पाहिलेली आहे, असंही ते म्हणाले. नंतर म्हणजे केव्हा, हे तिने विचारलं नाही. पंचवीस जुलैनंतर सोयाबीन पेरण्यात अर्थ नसतो, हे त्या कचेरीत शिपायालाही ठाऊक होतं.

फॉर्ममागचा कोड कुलूपबंद होता आणि परवलीचा शब्द फक्त सरांकडे. दोन दिवस ती फोन करत राहिली. सुंदराबाई ठरल्याप्रमाणे आली, तेव्हा तिला सोमवारी यायला सांगण्यापलीकडे महेजबीनला काही करता आलं नाही. तेवढ्यात जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेले आणखी अर्ज आले. ते तिने भरलेच नाहीत. खणात ठेवून दिले आणि माणसांना पोच देऊन पाठवलं. जो माणूस समोर यायचा, त्याच्याकडे बघायची तिला भीती वाटू लागली. भरावं तर चूक, न भरावं तर उशीर.

शनिवारी ती फ्लॉपीवर प्रोग्रॅम घेऊन अकोल्याला गेली आणि रविवारी सकाळी सरांच्या क्लासचा जिना चढली. चौदा संगणकांपैकी पाच उरले होते, बाकीच्या टेबलांवर चादरी टाकलेल्या. सर एकटेच बसले होते. तिचं बोलणं ऐकून आधी ते चिडले. टाइप करताना लक्ष नसेल तुझं, म्हणाले. तिने वाद घातला नाही. त्यांच्याच यंत्रावर चार जुलै टाकून दाखवला.

सरांनी परवलीचा शब्द टाकला, कोड उघडला आणि जूनमध्ये लिहिलेल्या ओळीपाशी थांबले. मग क्लासमध्ये शिकवत तसं समजावून सांगू लागले. फॉर्ममध्ये तारीख आपल्या पद्धतीने दिसते, आधी दिवस, मग महिना. पण ही ओळ ती तारीख नुसती अक्षरं म्हणून उचलते आणि डेटाबेसच्या हुकमात चिकटवते, आणि तिथे यंत्र अमेरिकन पद्धतीने वाचतं, आधी महिना. एकविसावा महिना नसतो, म्हणून तेवढ्यापुरतं ते आपणहून उलटं वाचून घेतं. चार हा महिना असू शकतो, म्हणून अडत नाही. ना चौकट, ना आवाज.

उपाय एका ओळीचा होता. तारीख हुकमात घालण्याआधी महिना-दिवस-साल अशा साच्यात बसवून घ्यायची. सरांनी ती ओळ लिहिली आणि तिच्याकडून दहा तारखा टाकून तपासून घेतली. दहाही बरोबर साठल्या. परवलीचा शब्द त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून तिला दिला. ती उठली, तेव्हा ते खाली बघतच म्हणाले,

"बेटा, गलती मेरी है. मगर वहाँ मेरा नाम मत लेना."

संघाच्या आणखी चार शाखांचा प्रोग्रॅम त्यांना मिळायचा होता. त्याच्यावर क्लास तगणार होता. महेजबीनने चिठ्ठी पिशवीत ठेवली. जिना उतरताना तिला आठवलं, की जूनमध्ये फोन करकरून ही ओळ आपणच लिहून घेतली.

घरी अब्बा गादीचे टाके घालत होते. चेहरा का उतरलाय, विचारलं त्यांनी. काम जास्त आहे, एवढंच ती म्हणाली.

सोमवारी कचेरीत जाऊन तिने आधी नवा फॉर्म चढवला आणि खणातले अर्ज भरले. मग एकसष्ट जुने अर्ज शेजारी ठेवून एकेक तारीख दुरुस्त केली, आणि एकसष्ट मंजुरीची पत्रं छापून महादेवरावांच्या टेबलावर ठेवली. त्यांची सही झाली की तपासणीला माणूस पाठवता आला असता. एकोणीस जुलै होती.

महादेवरावांनी पत्रांना हात लावला नाही. त्यांनी दार लोटून घेतलं आणि नियमावलीचं पुस्तक तिच्यासमोर उघडून ठेवलं. प्रोग्रॅममध्ये दोष म्हटलं, की प्रकरण संचालक मंडळाकडे जातं. मंडळाची बैठक ऑगस्टच्या चौदाला. मग चौकशी समिती, मग तिचा अहवाल. मात्र नोंद करणाऱ्याची लिहिण्यातली चूक असेल, तर सचिव स्वतःच्या सहीने त्याच दिवशी दुरुस्त करू शकतो. फक्त नोंद करणाऱ्याची लेखी कबुली लागते.

"मी तुले लिही म्हनत नाही," ते म्हणाले. कचेरीतली त्यांची भाषा पहिल्यांदाच सुटली होती. "पन दुसरा रस्ता मले तरी दिसून नाही राहिला."

खोटं लिहायचं का, असं तिने विचारलं. त्यांनी नियमावलीचं पुस्तक मिटलं.

ती जागेवर येऊन बसली. बाहेर रांग होती, आणि रांगेत सुंदराबाई होती, पिशवीत डबा बांधून आलेली. महेजबीनला राग कोणावर काढावा कळेना. सरांचं नाव घेतलं तर बियाणं ऑगस्टनंतर. न घेता नुसतं खरं लिहिलं, तरी ऑगस्टनंतर. गप्प बसलं तर सगळं आहे तसंच. तिन्ही दारं एकाच खोलीत उघडत होती. अकरा महिन्यांनी करार संपला की या संघातून सुटायचं, कुठेतरी पक्क्या जागेवर लागायचं, हा तिचा इतक्या वर्षांचा हिशेब होता. त्या कागदावर सही केली, की तो कागद तिच्या फाइलमध्ये कायमचा राहणार.

साडेबाराला तिने कोरा कागद ओढला. 'मी, खाली सही करणार' असं लिहून ती थांबली. मग एका दमात बाकीचं लिहिलं. एकसष्ट अर्जांतील पेरणीच्या तारखा नोंदवताना माझ्या हातून दिवस व महिना यांची अदलाबदल झाली. संगणकाचा दोष नाही. सही केली, तारीख घातली, आणि महिना अक्षरात लिहिला.

महादेवरावांनी त्याच दुपारी एकसष्ट सह्या केल्या. त्या माणसाने तेवढं केलं, हे खरं. तपासणीची जीप दुसऱ्याच दिवशी निघाली. पंचवीस तारखेच्या आत चव्वेचाळीस जणांना पिशव्या मिळाल्या. उरलेल्यांच्या वेळेला गोदामातलं बियाणं संपलं. त्यांना तुरीवर भागवावं लागलं, आणि काहींनी रान तसंच ठेवलं.

नव्या पत्रात एक ओळ होती : संगणक चालकाच्या चुकीमुळे आपली तक्रार नामंजूर झाली होती. पिशवी न्यायला आलेली माणसं काउंटरपाशी थबकून आत बघायची. चांदूर बाजारकडच्या एकाने तिला तोंडावर विचारलं, डोळे कोठी ठेवून बसते तू. ती खाली मान घालून पुढचं नाव वाचत राहिली. सईदाखालाच्या गल्लीतसुद्धा ही गोष्ट पोचली.

सुंदराबाई पिशवी डोक्यावर घेण्याआधी काचेपाशी आली. सुनेने तिला ती ओळ वाचून दाखवली असणार.

"तू बराबर टाकलं होतं," ती म्हणाली. "म्या पायलं ना, आकडे कळते मले. मंग असं कावून लेयलं?"

महेजबीन म्हणाली, "पेरून घ्या लवकर, मावशी. ऊन पडलंय."

करार संपला, तेव्हा आपल्याला काढतील असं महेजबीनला वाटलं होतं. झालं उलटंच. परवलीचा शब्द कचेरीत तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता, फॉर्म अडला की तो तिलाच कळायचा, म्हणून करार वाढला. पुन्हा अकरा महिने. मग पुन्हा. सरांना चार शाखांचं काम मिळालं आणि त्या शाखांचे फोनही हळूहळू तिच्याकडेच येऊ लागले.

तिसऱ्या वर्षी अकोल्यात एका मोठ्या संस्थेत पक्की जागा निघाली. घरापासून चालत वीस मिनिटं. तिने लेखी परीक्षा दिली, यादीत नाव आलं. अनुभवाचा दाखला तेवढा हवा होता. महादेवराव निवृत्त झाले होते. नव्या सचिवांनी फाइल मागवली, वाचली, आणि फाइलमध्ये होतं ते दाखल्यात उतरवलं : काम समाधानकारक, मात्र एका हंगामात एकसष्ट तारखा चुकीच्या नोंदवल्याची लेखी कबुली. ती ओळ गाळता येईल का, असं तिने विचारलं. फाइलमध्ये आहे ते मला गाळता येत नाही, ते म्हणाले, आणि त्यांच्या जागेवरून ते बरोबरच होतं.

दाखला तिने पाठवला नाही. मुदत गेली.

दर ईदला जिब्रान सरांकडून हुसेनभाईंच्या घरी शीरखुर्म्याचा मोठा डबा यायचा. पूर्वी कधी येत नसे. सर एवढं कशाला करतात, असं अब्बा दर वेळी विचारायचे, आणि सर भला माणूस आहे, असं स्वतःच उत्तर द्यायचे. महेजबीन वाट्या मांडायची, सगळ्यांना वाढायची, आणि अमरावतीच्या एसटीची वेळ झाली म्हणून आपली पिशवी भरायला आत जायची.