बुडबुडेमास्तरांची पेटी

बिस्किटांच्या कारखान्यातल्या बुडबुडेमास्तरांनी आपली मेलेली बायको काचेच्या पेटीत कोंडून ठेवलीय आणि जेवणाच्या सुट्टीत ते तिला श्वास घ्यायला लावतात, ही बातमी पॅकिंगवाल्या बाईंनी कॅन्टीनमध्ये फोडली, तेव्हा 'छट्, काहीतरीच' असं एकानेही म्हटलं नाही. उलट भट्टीवाल्याने कप खाली ठेवून विचारलं, "म्हणजे छाती हलते?"

"खांदे," बाई म्हणाल्या. "दम भरल्यासारखे वर येतात. मग हळूच बसतात. डोकं मात्र नाही हो."

डोकं नाही म्हटल्यावर एरवी भट्टीवाल्याला चार विनोद सुचले असते. त्या दिवशी त्याने चहासुद्धा अर्धा टाकला.

बाईंच्या बातमीत तिखटमीठ असायचंच. एकदा त्यांनी मॅनेजरचं लग्न मोडलं होतं, जे मुळात ठरलंच नव्हतं. पण या खेपेला मास्तरांचं वागणंच तसं झालं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांचं काम असं: बंद केलेला पुडा जाड पारदर्शक पेटीत पाण्याखाली धरायचा, झाकण लावायचं आणि पंपाने पेटीतली हवा खेचायची. बाहेरचा दाब उतरला की पुडा टम्म फुगतो आणि जोड कच्चा असेल तर तिथून बुडबुडा निघतो. बुडबुडा दिसला की तो माल परत. आयुष्य त्यातच गेल्यामुळे नळ, सायकलची ट्यूब, शेजाऱ्यांचा संसार, कुठून काय निसटतंय ते मास्तरांना सगळ्यांच्या आधी दिसे. बायको हातची निसटत होती, तेवढं मात्र दिसलं नाही.

त्यांची एकुलती मुलगी दक्षिण अमेरिकेतल्या एका राजधानीत नोकरीला होती. शहर डोंगरांच्या खांद्यावर, ढगांच्या पंगतीला बसलेलं. हवा इतकी विरळ की नवखा माणूस जिन्यात मध्येच बसकण मारतो. नवराबायको दोघं तिच्याकडे जायचं ठरवत होती, आणि रोज संध्याकाळी फोनवर त्याची उजळणी चाले.

"बाबा, उतरलास की धावपळ करायची नाही. पाणी पीत पडून राहायचं. आई, त्याला जड बॅग उचलू देऊ नकोस."

"त्यांनी कधी उचललीय?" आई म्हणे.

या आईने तिकिटाच्या आधी उशी आणली. प्रवासात मानेला अडकवायची, घोड्याच्या नालेसारखी, रबरी. तोटी दातांत धरून, गाल लाल होईस्तोवर फुंकून तिने ती फुगवली आणि गळ्यात घालून घरभर हिंडली. "बघते, मान अवघडते का." त्याच आठवड्यात तिने अंथरूण धरलं. मुलगी येऊन पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

उशी कपाटात राहिली. फुगलेलीच. तोटीवर दोन दातांचे वण.

मास्तरांची थोरली बहीण घर सांभाळायला येऊन राहिली, आणि पहिल्यांदा तिनेच ऐकलं.

"अरे, तुझ्या कपाटात कुणीतरी उसासे टाकतं."

"लाकूड आहे ताई. आवाज करतं."

"लाकूड करकरतं. हे उसासतं. मी राहायला येणार म्हटलं की तुझी बायको टाकायची ना, अगदी तसं."

मास्तर हसले, पण ताईची पाठ वळताच त्यांनी कपाट उघडलं. दुपारच्या उकाड्यात उशी गच्च भरलेली दिसली. सकाळच्या गारठ्यात बघावं तर खांदे पाडून बसलेली. हवा गारठ्याने आक्रसते आणि उकाड्याने फुगते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्या उघड्या कपाटासमोर एकट्याने उभं राहणं वेगळं. त्यांनी बोटाने चेपून पाहिलं. खळगा भरून आला, पण पूर्वीपेक्षा सावकाश. आत जे होतं ते कुठूनतरी चाललं होतं.

त्याच सुमारास मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तू तरी ये. आणि आईचं काहीतरी आण. कपडे नकोत. धुतलेल्या कपड्यांत ती नसते. असं काहीतरी, ज्यात ती असेल."

मास्तरांनी तिकीट काढलं.

"कमाल आहे!" ताई म्हणाली. "तिथे माणसाला श्वास पुरत नाही म्हणे, आणि हा घरून डबा न्यावा तसा श्वास घेऊन चाललाय!" म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून कपाटाजवळून जाताना ती पाऊल हळू टाकू लागली.

आता खरी मेख पुढे होती. तिथल्या विरळ हवेत उशी आपसूक फुगणार. जोड टिकला तर लेकीच्या हातात आईच्या श्वासाने भरलेली उशी पडेल. नाही टिकला तर रबराची चिंधी. मास्तरांनी उशी कापडी पिशवीतून कारखान्यात नेली. पेटीतला दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या काचेवर पेनाने एक टिंब काढलं. ते लेकीचं शहर.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली की त्या इमारतीत कान बंद झाल्यासारखी शांतता पडते. मास्तरांनी उशी कोरड्या पेटीत ठेवली आणि पंप सुरू केला. काटा टिंबाकडे सरकू लागला. मलूल पडलेली उशी हलली. आधी एक खांदा उचलला, मग दुसरा. मास्तरांचा हात आपोआप बटणावरून मागे आला. गळ्यात उशी घालून पाठमोरी उभी असलेली ती, तिच्यातली ती वजा केली तर जे उरेल, ते पेटीत दम धरून बसलं होतं.

जोड टिकला. पण काटा टिंबावरच असताना खांदे किंचित, अगदी किंचित, उतरू लागले.

गळती होती. कुठे, ते पाण्याखाली धरून हवा खेचल्याशिवाय दिसणार नव्हतं. घरी बादलीत बुडवून पाहिली होती, काही दिसलं नव्हतं. म्हणजे जागा शोधायची तर तिचा थोडा श्वास स्वतःच्या हाताने खर्ची घालायचा. न शोधावी तर हळूहळू सगळाच जाणार. मास्तरांनी पेटीत पाणी सोडलं, उशीवर जाळी दाबली आणि पंप पुन्हा लावला.

तोटीच्या बुचापाशी एक बुडबुडा जमला. मोठा झाला. सुटला. वर येऊन फुटला. त्यामागे दुसरा. आयुष्यभर ज्यांची वाट पाहिली त्या बुडबुड्यांना मास्तर पहिल्यांदाच म्हणाले, "थांब. थांब ना, जाऊ नकोस."

"मास्तर?" दारात पॅकिंगवाल्या बाई होत्या. "कुणाशी बोलताय?"

मास्तरांनी मान न वळवता पंप बंद केला. पाण्याखाली खांदे हळूहळू खाली बसले.

"हिच्याशी," ते म्हणाले.

बाई ज्या निघाल्या त्या थेट कॅन्टीनमध्ये.

मास्तरांनी तोटी दुमडली, दोऱ्याने करकचून बांधली आणि पंक्चर काढायचं सोल्यूशन फासलं. बांधताना दातांचे वण मात्र दोऱ्याबाहेर ठेवले. नंतरही सुट्टीत ते पेटी लावत, काटा टिंबावर आणत आणि बघत बसत. एकही बुडबुडा आला नाही. लोक काचेच्या दारासमोरून जाणं टाळू लागले. भट्टीवाला तर मागच्या अंगणातून वळसा घालून जाई.

विमानात उशी मास्तरांच्या मांडीवर होती. लेकीच्या घराच्या जिन्यात ते धापा टाकत बसले, तेव्हा लेकीने पिशवी हातातून घेतली आणि चमकून हात मागे ओढला. आत काहीतरी ताठ, भरलेलं होतं. घरून निघताना ते मलूल होतं.

"बाबा, कुणी फुगवलं हे?"

मास्तरांना बोलण्यापुरता दम नव्हता. त्यांनी तोटीवरचे वण दाखवले. लेकीने त्यांवर बोट ठेवलं, उशी गळ्यात अडकवली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

मास्तर एकटेच परतले. कॅन्टीनमध्ये कुजबुज झाली, तिला तिकडेच ठेवून आले.

पेटीत प्रवासाची रबरी उशी होती. बायकोने आजारी पडण्याआधी ती फुगवली होती. तिचं बूच गळत होतं. कपाटातला आवाज त्या बुचाचा होता. उशी आता मुलीकडे आहे.