ग्रेडरचे अंगठे

मुकुटबनजवळच्या जिनिंगमध्ये मी दरवर्षी कापूस नेतो, पण तिथं कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं माझ्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं. तो फक्त कापूस पाहायचा. पुंजका दोन अंगठ्यांत धरून ताणायचा, गालाला लावून ओल बघायचा आणि म्हणायचा, "दोन नंबर. वाईट वाटून नोका घेऊ." त्यावर कोणी हुज्जत घातल्याचं मला आठवत नाही.

मागच्या हंगामात त्याच्या टेबलावर कॅमेरा आला. ग्रेडर प्रत्येक पुंजक्याचा नंबर बोलायचा आणि कॅमेऱ्याचं एआय त्यावरून शिकायचं. मी हळूच म्हटलं, "भाऊ, थोडं चुकीचं सांगत जा ना. तुमचीच खुर्ची जाईन."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, तेही चिडून. "खोटा नंबर सांगू? अन् तोच उद्या तुमच्या कापसाले लागला, मंग?"

यंदा टेबलावर एकटा कॅमेरा नंबर देतो आणि तो फाटकावर ट्रॉल्यांना चिठ्ठ्या वाटतो. माझी ट्रॉली आली तसा त्यानं सवयीनं पुंजका ओढला, ताणला, गालाला लावला. "एक नंबर हाय," तो पुटपुटला.

आत स्क्रीनवरही एक नंबरच आला. मला आनंद झाला होता, तरी परत निघताना फाटकावर त्याला ते खालच्या आवाजातच सांगितलं.

"मंग कॅमेरा बराबर शिकला म्हणाचा," तो म्हणाला आणि हसला. मागे ट्रॅक्टरवाला चिठ्ठीसाठी ओरडत होता. हातात कापूस नसताना त्याचे दोन्ही अंगठे मात्र काहीतरी ताणत राहिले.